बास कुणी कमी केला?

तुळजापूरच्या डॉक्टरांनी माझी डिस्क बदलली असावी, असा संशय मला पहिल्यांदा आला तो एका रविवारी दुपारी, पूल कोसळत असताना.

पूल पिक्चरमधला. मारधाडीचा इंग्रजी पिक्चर. शेवटी नायक ट्रक घेऊन पुलावर चढतो आणि त्याच्या मागं पूल एकेक कमान करत खाली जातो. पहिली कमान तुटताना आधी काहीच ऐकू येत नाही, फक्त सोफ्यात, आपल्या मांडीखाली, काहीतरी हलतं. मग आवाज येतो. त्या रविवारी मांडीखाली काही हललंच नाही. कमान तुटली, धूळ उडाली, आवाजही झाला, पण रिकामा पत्र्याचा डबा जिन्यावरून घरंगळावा तसा. मी मागं नेऊन परत लावलं. परत डबाच.

मी धाराशिवात एका शाळेत गणित शिकवते. केस पिकायला लागलेल्या बाईला हाणामारीचे पिक्चर आवडतात आणि ते ती डिस्क लावून, स्पीकरचे पाच डबे आणि खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा एक वूफर जोडून बघते, हे शिक्षकांच्या खोलीत अजून कुणाला पचलेलं नाही. "मॅडम, हे सगळं मोबाईलवर मिळतं की आता," असं म्हणतात. मिळतं. पण मोबाईलवर किंवा टीव्हीवर नेटमधून आलेल्या पिक्चरमध्ये धूर बघा. काळोख्या गोदामात धूर पसरला की त्याचे चौकोन चौकोन होतात, जणू कुणी गोधडीची ठिगळं हलवतंय. डिस्कवर धूर हा धूर राहतो. काळ्या कोटातला माणूस काळ्या भिंतीपुढं उभा असला तरी त्याच्या खांद्याची कड दिसते.

या वेडाचं मूळ येडशीत आहे. वडील तिथं रेल्वेत होते. गणपतीत मंडळ भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणायचं. कॅसेट इतक्या गावांतून फिरून आलेली असायची की चित्रात सारखे आडवे पट्टे पळायचे, आणि आम्ही मुली बसायचो सगळ्यात मागं. हिरोनं कुणाला मारलं ते दिसायचं नाही. पुढची पोरं ओरडली की समजायचं, कुणीतरी पडलं. घरी जाताना मी वडिलांना विचारायची, "दादा, शेवटी मेलं कोण?" ते म्हणायचे, "मला तरी कुठं दिसलं?" तेव्हापासून मला धडपणे बघायचं होतं, एवढंच.

तुळजापूरचे डॉक्टर हे दातांचे. घराणं पुजाऱ्यांचं, पण यांनी दवाखाना थाटला. माझी अक्कलदाढ काढायला गेले होते, तेव्हा त्यांच्या टेबलावर एका डिस्कचं निळं खोकं पडलेलं दिसलं. तोंडात कापूस असल्यामुळं मी बोटानं दाखवलं. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पण आहे?" मी मान हलवली. तिथून आमची देवाणघेवाण सुरू झाली. माझ्याकडची डिस्क तिकडं, त्यांची इकडं, कुणी ना कुणी जाणारं-येणारं असतंच. त्यांच्याकडं पडदा मोठा, माझ्याकडं आवाज चांगला, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि दोघांनाही ते पूर्ण खरं वाटत नव्हतं.

पुलाचा पिक्चर त्यांच्याकडून नुकताच परत आला होता. म्हणून पहिला संशय त्यांच्यावर. मी डिस्क काढून खिडकीत नेली. घरी उतरवून घेतलेल्या नकली डिस्कची खालची बाजू जरा काळपट असते, आणि मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत कड्यावर कारखान्याचे बारीक आकडे नसतात. माझ्या डिस्कवर आकडे होते. रंगही बरोबर होता. म्हणजे डिस्क अस्सल. पण एकदा शंका शिरली की ती पुराव्यानं निघत नाही. मला वाटायला लागलं, ही अस्सल असेल, पण माझीच कशावरून? माझ्या डिस्कवर एक बारीक ओरखडा होता असं मला आठवत होतं. या डिस्कवरचा ओरखडा जरा डावीकडं वाटत होता. गोल वस्तूला डावं-उजवं नसतं हे मला, गणिताच्या बाईला, त्या क्षणी सुचलं नाही.

मी डॉक्टरांना फोनवर लिहिलं, "डिस्क मिळाली. तुमच्याकडं बदलाबदल तर नाही ना झाली? आवाज वेगळा वाटतो."

त्यांचं उत्तर उशिरा आलं. "माझ्याकडून असं होत नाही, मॅडम." त्यानंतर त्यांच्याकडून एकही डिस्क आली नाही.

पुढच्या रविवारी मी दुसरी डिस्क लावली, जी कधीच तुळजापूरला गेली नव्हती. वाळवंटातला पाठलाग, गाड्यांवर गाड्या. चित्र सुरेख होतं, वाळूचा कण न् कण सुटा दिसत होता. पण गाडी पेटली तेव्हा फटाक्याची लड उडाल्यासारखं झालं. म्हणजे दोष डिस्कमध्ये नव्हता. मी वायरी तपासल्या, डबे चालवणाऱ्या रिसीव्हरची सगळी सेटिंगं पाहिली. शेवटी वूफर भिंतीपासून पुढं ओढला. त्याच्या मागं एक गोल बटण असतं, बास, म्हणजे तो घुमणारा आवाज, कमी-जास्त करायचं. ते जवळजवळ शून्यावर आणलेलं होतं.

ते मी परत जागेवर आणलं आणि खडूनं बटणावर आणि खोक्यावर जुळणारी रेघ मारली. पुढच्या रविवारी पाहिलं तर दोन रेघा एकमेकींपासून लांब गेल्या होत्या.

आता गोष्ट घरात आली. घरात आम्ही तिघं. मी, नवरा, आणि दिवाळीनंतर उमरग्याकडच्या गावाहून राहायला आलेल्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते. आत्या वस्तूंना हात लावणाऱ्यांतल्या नव्हत्या. टीव्हीचा रिमोटसुद्धा त्या पदरात धरून द्यायच्या, गरम असल्यासारखा. म्हणून मी सरळ नवऱ्याला धरलं. तो कचेरीत कारकून, हाणामारीचे पिक्चर लागले की वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जाणारा.

"वूफरला हात तुम्ही लावता?"

त्यानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. घडी घातली. "व्हय," म्हणाला. "मीच लावतो."

"कशाला?"

"आवाज लई होतो. शेजारीपाजारी आहेत."

शेजारी म्हणजे एका बाजूला बंद घर आणि दुसऱ्या बाजूला एक निवृत्त जवान, ज्याला माझ्याहून कमी ऐकू येतं. मला काही पटलं नाही. मी म्हटलं, "चला, दाखवा कुठलं बटण फिरवता ते."

"आता कशाला?"

"दाखवा तर."

तो उठला, वूफरपाशी गेला, खाली वाकला आणि पुढच्या बाजूला हात फिरवायला लागला. पुढं तर नुसती जाळी आहे. मग बाजूला चाचपडलं. तिथं काहीच नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि सरळ उभा राहिला.

"तुम्ही नाही केलंत," मी म्हटलं.

"केलं म्हणतोय ना मी. आता तपास नको." एवढं बोलून तो चपला घालून बाहेर गेला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तो माझ्याशी धड एकही खोटं बोलू शकलेला नाही, आणि ज्या माणसाला खोटं येत नाही तो खोटं बोलायला लागला की भीती वाटते. मला नाही नाही ते वाटलं. याला माझा हा शौक आतून कधीच पटला नसेल का? का हा कुणाला तरी झाकतोय? कुणाला, हे माझ्या डोक्यात आलं होतं. पण आत्यांचं नाव मनात घ्यायचीही मला लाज वाटत होती.

तरी संशय नजर ठेवायला शिकवतो. त्या आठवड्यात परीक्षेमुळं शाळा लवकर सुटत होती. शनिवारी मी दुपारीच घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या बैठकीत फरशीवर बसल्या होत्या, वूफर आणि भिंत यांच्यामधल्या फटीपाशी. हात कोपरापर्यंत मागं गेलेला. कंदिलाची वात बारीक करावी तसं दोन बोटांनी त्या बटण फिरवत होत्या, आणि दुसरा तळवा वूफरवर टेकला होता, तापलेल्या जनावराच्या अंगावर ठेवावा तसा.

मला पाहून त्यांनी हात काढला नाही. म्हणाल्या, "आलीस व्हय लवकर?"

"आत्या, हे तुम्ही करता?"

"करते," त्या म्हणाल्या. "तुला बोलले न्हाय. तुझं घर, तुझा शौक. नाहक बोलून काय करायचं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. रागावायला आले होते, पण त्यांचा चेहरा चोरी सापडलेल्या माणसाचा नव्हता. त्या माझ्याकडंच संशयानं पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "ह्यातनं आवाज येतो का?"

"येतो की. बास येतो."

"आवाज कानात येतो. हा पायातनं येतो." त्यांनी फरशीवर हात आपटला. "माझी खाट पलीकडं, ह्याच भिंतीला. तुमचं सुरू झालं की आधी खाट थरारते. मग तांब्यावरचं फुलपात्र बोलायला लागतं. मग मी उठून अंगणात जाते."

"अंगणात कशाला?"

"तार बघायला. वाळत घालायची तार. ती हलत नसली तर पिक्चर. हलत असली तर..." त्यांनी पुढचं वाक्य सोडून दिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आधी कसा पडला नाही याचं आश्चर्य वाटलं. त्यांचं गाव भूकंपात गेलं होतं. आज तिथं सरळ रेषेत बांधलेली नवी घरं आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तीच पाहिलेली, म्हणून तेच गाव असं माझ्या मनात बसलेलं. नवरा तेव्हा सोलापूरला वसतिगृहात होता. आत्या घरात होत्या. दगडमातीच्या भिंती. पलीकडच्या खोलीत त्यांची जाऊ झोपली होती, आणि ती पुन्हा उठली नाही. या गोष्टीवर घरात कधी कुणी बोलत नाही. फोटोला हार घालतात आणि जेवायला बसतात.

"पण आत्या, तुम्हाला ठाऊक होतं की हा पिक्चर आहे. आम्ही सांगूनच लावतो."

"तुम्ही सांगता ग. पण भिंतीपलीकडनं मला कसं कळावं, ह्या घडीला जे वाजतंय ते पिक्चरातलं का खालचं? रोज पिक्चर, पिक्चर म्हणत बसले आन् एक दिस खरंच झालं तर? मी खाटेवरच राहणार की. तू बी सोफ्यावर बसून म्हणणार, काय झकास आवाज आहे." त्या हसल्या नाहीत. "म्हणून बारीक करते. बारीक केलं की जे काय हललं ते खरं, एवढं तरी कळतं."

इतकी वर्षं ज्या थरथरीसाठी मी वूफरची जागा बदलत आले, जी आली की डिस्क चांगली म्हणायचं आणि नाही आली की वाईट, तिच्यापायी ही बाई उन्हात अंगणात उभी राहून तारेकडं बघत होती.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "मला कळलं." तो पायरीवरच बसला.

"तिनं मला काही सांगितलं न्हाय," तो म्हणाला. "मी एकदा तिला अंगणात बघितली, तारेखाली. मग वूफरचं तुझ्या तोंडून ऐकलं. म्हटलं, माझ्यावर घ्यावं. तू माझ्यावर चार दिवस रागावशील. तिला काही विचारलं तर ती बॅग भरून गावी जाईल."

"आणि बटण कुठं आहे ते तरी बघून ठेवायचं की."

"तू परीक्षा घेशील हे कुठं माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वूफर त्या भिंतीपासून काढून समोरच्या, बाहेरच्या भिंतीला नेला. गादीवाल्याकडून जाड फोमचा तुकडा आणून खाली घातला, म्हणजे फरशीला हादरा कमी. मी तर तो विकूनच टाकते म्हणाले होते, पण आत्यांनी ऐकलं नाही. "मग मला काय वाटंल? ठेव. फक्त मला हितं तुझ्याजवळ बसू दे. दिसलं म्हणजे झालं."

तुळजापूरला मी स्वतः गेले. दवाखान्यात दुपारची सामसूम होती. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, बटणाचं, आत्यांचं, आणि माझ्या शंकेबद्दल माफी मागितली. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची मागं सरकवून त्यांनी कपाटातून त्यांची एक डिस्क काढली आणि मधल्या भोकाच्या कडेवर नखानं दाखवलं. तिथं एक बारीक काळा ठिपका होता.

"हे काय?"

"खूण. तुम्हाला पहिली डिस्क दिली तेव्हापासून प्रत्येक डिस्कवर करतो. म्हटलं, बाई बोलायला बरी आहे, पण कशावरून आपलीच परत येते?" ते स्वतःच लाजले. "तुमचा मेसेज आला तेव्हा मला वाटलं, यांना ठिपका दिसला आणि आता उलट माझ्यावरच ढकलतायत."

आम्ही दोघं इतकं हसलो की बाहेर बसलेल्या पेशंटनं दार ढकलून आत पाहिलं. येताना त्यांनी दोन डिस्क दिल्या. दोन्हींवर ठिपका होता. तो पुसायचा का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही म्हटलं नाही.

आता रविवारी दुपारी आम्ही दोघी बसतो. नवरा येऊन-जाऊन असतो. सुरुवातीला मी आधी सांगायची, "आत्या, आता स्फोट होणार," आणि त्या सोफ्याची कड पकडायच्या. मग त्यांना ते आवडेनासं झालं. "सांगू नको. मला दिसतंय की, पेट्रोल सांडलंय ते." त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच वर्षी झालेलं, त्यामुळं त्यांना माझ्याहून स्वच्छ दिसतं, आणि विश्वास त्यांचा कशावरच नाही. नायक छपरावरून उडी मारतो, तर त्या म्हणतात, "हा तो न्हाय."

"कोण न्हाय?"

"उडी मारणारा. मान बघ ह्याची. त्याची मान बारीक हाय." मागं नेऊन थांबवून पाहिलं तर खरंच, दुसराच माणूस, तसाच शर्ट घातलेला. चित्र इतकं स्पष्ट की अदलाबदल लपत नाही. मला वर्षानुवर्षं हे दिसलं नव्हतं, कारण मी स्फोट कधी होतो याची वाट बघत असायची. त्या माणसं बघतात. कोण खरा, कोण बदली, कुणाच्या कपाळावरचं रक्त आधी उजवीकडं होतं आणि आता डावीकडं कसं आलं. एकदा त्या मला म्हणाल्या, "इमारत पडल्यावर ही लोकं लगीच बोलाय लागतात. असं न्हाय होत. आधी लई येळ कुणीच बोलत न्हाय." एवढंच म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. मी पिक्चर चालू ठेवला, पण त्या दिवशी पुढचं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. डॉक्टरांकडून आलेली नवी डिस्क लावली होती. पिक्चरमध्ये मारामारी संपून नायक आणि त्याची बहीण एका हॉटेलात बसून नुसतं बोलत होती. वूफरला काही काम नव्हतं. आत्यांनी अचानक हात वर केला.

"थांबव."

मी थांबवलं. पडद्यावर बहिणीचं तोंड अर्धं उघडं राहिलं. घरात काहीच आवाज नव्हता. मला काही जाणवलं नाही. मग स्वयंपाकघरात, मांडणीवर, ताटाला ताट अगदी हलकं लागल्यासारखं वाटलं. नुसतं वाटलं का खरंच झालं, हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

"चला," आत्या म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं, नवऱ्याला आतून हाक मारली, आणि आम्ही तिघं अंगणात येऊन उभे राहिलो. तारेवर नवऱ्याचा शर्ट वाळत होता. तो हलत होता, पण वाराही होता. शेजारचा जवान बाहेर आला नाही. रस्त्यावरून एक उसाचा ट्रक हळूहळू गेलेला दिसला, वळणापलीकडं.

"ट्रक असंल, माय," नवरा म्हणाला.

"असंल," आत्या म्हणाल्या, पण तारेवरून नजर काढली नाही.

नवऱ्यानं गावाकडं फोन लावला. तिकडं कुणाला काही जाणवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर सगळ्यांनी मान हलवली. वर्तमानपत्रातही काही नव्हतं. ट्रकच असणार. ट्रकच असेल. मी मनाला तसं सांगितलं आहे.

त्या दिवशी मात्र आम्ही बराच वेळ बाहेर उभे राहिलो. मग आत्यांनी माझं मनगट सोडलं, पदर नीट केला आणि पायरी चढून आधी त्याच आत गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, "या आत. आन् ती बहीण काय सांगत होती ते जरा मागनं लाव. मला तिचा भरवसा वाटत न्हाय."